नऊ दिवसांची एक खोली

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही तेच देऊन मोकळे झालेत : "तुमची ती घरवाली गाडी." तेव्हा आधी घरवालीने गाडीची ओळख करून द्यावी हे बरं.

गेल्या जानेवारीत मी आणि आमचे हे, दोघंच, कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन भिवंडी ते लोणार जाऊन आलो. नऊ दिवस. कॅम्परव्हॅन म्हणजे आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरएवढी गाडी. आतल्या सीट काढून तिथे पलंग, छोटा ओटा, फ्रिज, पाण्याची टाकी आणि पडद्यामागे संडास. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हे शब्द पेपरात दिसायला लागले. पण भिवंडीकराला त्यात नवल ते काय? मानकोली, काल्हेरच्या गोदामांबाहेर ट्रक लावून, चाकाशेजारी स्टोव्हवर डाळ शिजवणारे आणि केबिनमध्ये झोपणारे ड्रायव्हर आपण वर्षानुवर्षं बघतोय. त्यांच्या गाडीला कोणी पर्यटन म्हटलं नाही, एवढाच फरक.

आम्ही हा उद्योग का केला, ते सांगते. हे पॉवरलूमवर जॉबर होते. बारा-बारा तासांच्या पाळ्या, त्यात बहुतेक रात्रपाळी. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर, म्हणजे माझ्याही पाळ्याच. घराची चावी कायम शेजारच्या काकूंकडे. एक आत यायचा तेव्हा दुसरा बाहेर पडलेला असायचा. चौतीस वर्षं संसार झाला, मुलं मोठी झाली, सगळं चांगलं झालं. मी निवृत्त झाले आणि सलग चोवीस तास दोघं घरात, असं पहिल्यांदाच घडलं. दोन महिन्यांत मुलगी म्हणाली, "आई, तुम्ही दोघं एकमेकांना पाहुण्यासारखे वागवताय. कुठेतरी जाऊन या." तिनेच गाडी ठरवून दिली.

पहिली फजिती कसारा घाटात. वळणं सुरू झाली आणि मागची कपाटं एकेक करून उघडली. पोह्यांचा डबा, तिखटाचा डबा, स्टीलचं पातेलं, सगळं गाडीभर. यांनी घाट चढून गाडी बाजूला घेतली तेव्हा मी पोह्यांत बसले होते. शेजारी उभ्या ट्रकचा ड्रायव्हर आत डोकावला, हसला नाही बिचारा. जुन्या ट्यूबच्या चार पट्ट्या कापून आणल्या आणि कपाटांच्या मुठींना बांधून दिल्या. त्या पट्ट्या भिवंडीला परत येईपर्यंत टिकल्या.

नाशिकात एका पार्किंगच्या तोंडाशी आडवा लोखंडी दांडा होता. आमची गाडी साडेनऊ फूट, दांडा आठ फुटांवर. मागे रिक्षा, तिच्यामागे बस. मी खाली उतरून हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या" करत गाडी मागे घेववली. वॉर्डात स्ट्रेचर मागे घेण्याची सवय कामी आली.

खरी परीक्षा निफाडला. हिवाळ्यात राज्यातलं सर्वांत कमी तापमान अनेकदा निफाडचंच असतं, हे आपण बातम्यांत ऐकतो. एका द्राक्ष बागायतदाराने शेडशेजारी गाडी लावू दिली. थंडी म्हणून आम्ही सगळ्या खिडक्या घट्ट लावून झोपलो. पहाटे चारला यांनी मला उठवलं, "अगं, छप्पर गळतंय." बाहेर आभाळ निरभ्र. दोन माणसांच्या श्वासातली वाफ गार पत्र्याला लागून तिचं पाणी झालं होतं आणि ते थेंब थेंब यांच्या कपाळावर पडत होतं. पांघरुणं ओली. बाहेर आलो तर बागेत जागोजाग शेकोट्या आणि वेलींना पाणी चालू. थंडीने द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून ही माणसं रात्र रात्र जागतात. आपण डझनभर पांघरुणांत कुरकुरतो आणि ते वेलींसाठी उभे असतात.

दुसऱ्या रात्री दोन्हीकडच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या. पाणी गळायचं थांबलं, पण थंडी आत आली. शेतकऱ्याने मायेने घमेल्यात निखारे भरून दिले आणि हे ते गाडीत ठेवायला निघाले. मी दारात आडवी उभी राहिले. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून लोक फसतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. बंद खोलीतल्या शेगडीचे रुग्ण मी दवाखान्यात पाहिलेत. हे म्हणाले, "बोटभर खिडकी उघडी आहे ना." मी म्हटलं, "निखारे आत आले तर मी बाहेर झोपेन." घमेलं बाहेर राहिलं, पण भांडण आत आलं. घरी भांडण झालं की कोणाची तरी ड्यूटी लागायची आणि विषय तिथेच मिटायचा. इथे दहा फुटांची गाडी. रागावून जाणार कुठे? तासाभराने यांनीच विचारलं, "चहा ठेवू?" स्वतःचा राग स्वतः उतरवून यांनी चहा केलेला मी पहिल्यांदा पाहिला.

निफाड तालुक्यातच नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे ब्रिटिश काळात बंधारा बांधला, गाळ साचला आणि पाणपक्ष्यांचं राज्य झालं. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव लागलं. भूगोलाच्या बाई समोर बसल्यात म्हणून हे मुद्दाम सांगते. सकाळच्या धुक्यात चक्रवाक, तलवार बदकं आणि अडई. अडईचा थवा उडाला की शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ होतो. मी म्हटलं, "अहो, ऐकलंत?" हे दुर्बीण डोळ्याला लावून म्हणाले, "किती शांत आहे नाही?" मला वाटलं, थट्टा करताहेत.

येवल्यात पैठणीचे हातमाग पाहिले. विणकराची परवानगी घेऊन यांनी मागाच्या लाकडावर तळवा ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. जॉबरला माग हाताने कळतो. मग संभाजीनगर, जालना करत ११ जानेवारीला सिंदखेडराजा. दुसऱ्या दिवशी जिजाऊ जयंती. टेम्पो, ट्रॅक्टर, जीप भरभरून माणसं येत होती. रस्त्याकडेला चुली, ट्रॉलीत झोपलेली पोरं. त्या गर्दीत आमच्या गाडीकडे कोणी वळूनही पाहिलं नाही, सगळेच आमच्यासारखे. शेजारच्या ट्रॉलीतल्या आजींनी भाकरी दिली, मी त्यांचं ब्लडप्रेशर तपासून दिलं.

तिथे दीड दिवस गाडी जागेवर उभी राहिली. या गाडीला दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनाची, एक घराची. घराची बॅटरी गाडी धावली की भरते आणि फ्रिज ती खात राहतो. सिंदखेडराजा ते लोणार हे छोटं अंतर तिला पुरलं नाही. लोणारला गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या खळ्यावर मुक्काम केला आणि रात्री साडेआठला दिवे, पंप, सगळं बंद. मिट्ट काळोख. उल्कापाताने झालेलं, पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर तिथून जवळच, आणि वर एवढ्या चांदण्या की बाईंनी फळ्यावर काढल्या नसतील.

त्या काळोखात आम्ही बोलायला लागलो. मी विचारलं, "उद्या परत निघायचं का?" उत्तर आलं, "हो, गार आहे खरं." मी विचारलं, "पाणी किती उरलंय?" उत्तर, "झोप तू." मी मोबाईलचा उजेड माझ्या तोंडावर घेऊन तोच प्रश्न विचारला. बरोबर उत्तर आलं. उजेड बंद करून विचारलं, पुन्हा भलतंच.

मी गप्प बसले. थोड्या वेळाने हेच म्हणाले, "आठ-दहा वर्षं झाली. तोंडाकडे बघून कळतं मला. शेडमध्ये सगळे तसंच बोलतात." घरी दिवा असतो, समोर चेहरा असतो, आणि आमच्या घरी दोघं समोरासमोर असायचे तरी कितीसे! ते कळायला दिवे जावे लागले.

परत आल्यावर कानांची तपासणी केली. दोन्ही कानांची उंच आवाज ऐकण्याची शक्ती गेलेली. पक्ष्यांच्या शिट्ट्या, लहान मुलांचे आवाज, बोलण्यातले स, श, त आधी जातात, जाड आवाज ऐकू येत राहतात. म्हणून माणसाला वाटतं, आपल्याला ऐकू येतंय, लोकच पुटपुटतात. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात. शटल मागांच्या शेडमधला आवाज तिच्या बराच वर असतो आणि आपली माणसं तिथे बारा तास उभी असतात. कानाच्या आतल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण यंत्राने ऐकणं पुष्कळ सुधारतं. यांनी यंत्र लावलं त्या दिवशी पंख्याचा आवाज ऐकून विचारलं, "हा रोज असाच वाजतो?"

या सभागृहात कितीतरी जणांनी आयुष्य मागावर काढलंय, कितीतरी मैत्रिणींच्या घरी माग होते. मघापासून मी पाहतेय, मागच्या रांगेतले चार-पाच जण माझ्या तोंडाकडे फार लक्ष देऊन बघताहेत. मी एवढी सुंदर नाही! तेव्हा माझी विनंती आहे, या महिन्यात कान तपासून घ्या. दुखत नाही, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि ज्यांना गाडी घेऊन जायचंय त्यांच्यासाठी चार गोष्टी. गाडीची उंची कागदावर लिहून समोरच्या काचेला चिकटवा. ट्यूबच्या पट्ट्या सोबत ठेवा. थंडीतही दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा आणि विस्तव कधीही आत नेऊ नका. स्वतःच्या टेम्पोत पलंग-ओटा ठोकायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत नसलेले बदल चालत नाहीत.

येत्या डिसेंबरात आम्ही पुन्हा नांदूर मध्यमेश्वरला जाणार आहोत. यांना अडई ऐकायची आहे. गाडीत दोघांचीच जागा आहे, पण काठावर सगळ्यांची आहे. कोणी येणार असाल तर जेवणाच्या रांगेत मला गाठा.