खेळाची सीमा कोण आखतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आमच्या देऊळगाव राजाच्या बसस्थानकावर उभे राहिले, की जालन्याच्या गाडीची फार वाट पाहावी लागत नाही. तासाभरात माणूस जालन्यात पोहोचतो. मोठी खरेदी असो, दवाखाना असो, रेल्वे पकडायची असो की सोयरीक जुळवायची असो, आमच्या गावाचे पाय आपोआप जालन्याकडे वळतात. पण महाविद्यालयाचा कबड्डीचा संघ मोठ्या सामन्यांना निघाला, की त्याची वाट उलट्या दिशेने जाते. चिखली, खामगाव, अकोला आणि मग अमरावती. दोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास!

मी बरीच वर्षे अशा संघांबरोबर प्रवास केला. एकदा खामगावच्या पुढे गाडीत एका मुलीने मला विचारले, "सर, जालना तं आपल्या दारात हाये. मंग खेळायला आपण एवढ्या लांब काऊन जातो?"

मी तिला म्हणालो, "बाई, आपलं विद्यापीठ अमरावतीचं आहे." उत्तर बरोबर होते, पण तिचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते. देऊळगाव राजा आणि जालना यांच्यामधली सीमा आज केवळ दोन जिल्ह्यांची आहे. पण १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात गेले, तेव्हा आम्ही इंग्रजांकडे आलो आणि जालना निजामाकडेच राहिले. पुढे १९५६ साली दोन्ही मुलुख मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला. निजाम गेला, इंग्रजही गेले, तरी ती जुनी रेघ मात्र पुसली नाही. आमची महाविद्यालये आधी १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाकडे होती. १९८३ साली अमरावती विद्यापीठ झाले आणि पश्चिम विदर्भातले विद्यार्थी तिकडे आले. जालन्याची महाविद्यालये १९५८ पासून मराठवाडा विद्यापीठाकडे, म्हणजे आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत.

विद्यापीठ वेगळे म्हणजे खेळाचे सामनेही वेगळे. आधी आपल्या विद्यापीठातल्या महाविद्यालयांशी खेळायचे. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो संघ पश्चिम विभागात इतर विद्यापीठांशी खेळतो आणि तिथून पात्र ठरला तर अखिल भारतीय स्पर्धेत जातो. म्हणजे देऊळगाव राजाची मुलगी आणि जालन्याची मुलगी शिवेला शीव लावून राहत असल्या, तरी अधिकृत सामन्यात त्या समोरासमोर येणार त्या विद्यापीठाच्या संघात निवड झाल्यावरच. तीही घरापासून दूर कुठल्या तरी तिसऱ्या गावात.

श्रोतेहो, खेळाच्या सीमांची ही गोष्ट आपल्यापुरतीच नाही. सध्या अमेरिकेत याच प्रश्नावरून मोठी उलथापालथ चालू आहे. ती समजून घेतली, तर आपल्या प्रश्नाकडेही जरा वेगळ्या नजरेने पाहता येते.

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ हा प्रचंड मोठा व्यवहार आहे. त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचे विद्यापीठांमधले सामने पाहायला लाखभर लोक बसतील अशी मैदाने तिथे आहेत. तिथली विद्यापीठे आपापसांत गट करून खेळतात. या गटाला 'कॉन्फरन्स' म्हणतात. आपल्याकडे विभाग वरून ठरतात, तिथे विद्यापीठे स्वतः एकत्र येऊन गट करतात. पूर्वी हे गट शेजारपणातून झालेले होते. आगगाडीने किंवा बसने जाऊन परत येता येईल, अशांशी खेळायचे, एवढा साधा हिशेब होता.

हा हिशेब बदलला तो दूरचित्रवाणीमुळे. किती सामने दाखवायचे आणि कोणाचे दाखवायचे, हे पूर्वी तिथली मध्यवर्ती क्रीडा संघटना ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या दोन विद्यापीठांनी त्याविरुद्ध दाद मागितली. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने संघटनेची ही मक्तेदारी मोडली. सामने विकण्याचा हक्क विद्यापीठांकडे आणि त्यांच्या गटांकडे आला. निर्णय रास्तच होता. पण तेव्हापासून गटात कोणाला घ्यायचे, हे ठरवताना अंतराऐवजी प्रेक्षकांची संख्या मोजली जाऊ लागली.

२०२२ साली 'बिग टेन' नावाच्या गटाने प्रक्षेपणाचा सात वर्षांचा करार केला. रक्कम होती सुमारे ७०० कोटी डॉलर. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या दोन बड्या विद्यापीठांनी आपला जुना गट सोडून या गटात जायचे जाहीर केले. त्यांचा जुना गट होता पश्चिम किनाऱ्यावरचा 'पॅक-ट्वेल्व्ह', मुळे १९१५ पर्यंत मागे जाणारा. त्याचा प्रक्षेपणाचा करार संपत आला होता आणि नवा काही जमेना. २०२३च्या उन्हाळ्यात एकेक सदस्य बाहेर पडला. बारांपैकी दहा गेले, दोन उरले. भाऊबंदकीत वाडा रिकामा व्हावा, तसा शंभर वर्षांचा गट रिकामा झाला. पुढे त्या दोघांनी २०२६ पासून नवे सदस्य घेऊन तो पुन्हा उभा करायचे ठरवले.

आता गंमत पाहा. 'बिग टेन' या नावात दहा आहेत, पण २०२४ पासून गटात अठरा विद्यापीठे आहेत. कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली ही नामांकित विद्यापीठे पॅसिफिक महासागराच्या बाजूला आहेत. ती आता 'अटलांटिक किनारा' नावाच्या गटात खेळतात! या गटात जागा मिळावी म्हणून टेक्सासमधल्या एका विद्यापीठाने नऊ वर्षे दूरचित्रवाणीच्या पैशांतला वाटा सोडायचे कबूल केले.

कोणी म्हणेल, पैसा येतो आहे, विद्यापीठे खूश आहेत, मग बिघडले कुठे? बिघडते ते प्रवासात. हे सारे झाले फुटबॉलसाठी. फुटबॉलचा संघ हंगामात साधारण बारा सामने खेळतो. त्यातले निम्मे घरी आणि निम्मे बाहेर, तेही बहुधा आठवड्याच्या शेवटी, खास विमानाने. पण गट बदलला की विद्यापीठाचे इतर बहुतेक खेळही त्याबरोबर जातात. व्हॉलीबॉलच्या मुली, सॉफ्टबॉलच्या मुली, पोहणारे, धावणारे. लॉस एंजेलिसपासून न्यू जर्सीपर्यंतचे अंतर सुमारे ४,००० किलोमीटर. मधल्या वारी सामना, रात्री परतीचा प्रवास, सकाळी तास. ज्यांच्या खेळासाठी करार झाला नाही, त्यांनाच कराराची झळ अधिक लागते.

हे वाचले तेव्हा मला आमचीच एक संध्याकाळ आठवली. मुलींचा संघ पहिला सामना जिंकला होता. पुढचा सामना त्याच दिवशी व्हायचा, तो दुसऱ्या दिवशी सकाळवर गेला. संघात कशाबशा नऊ मुली. त्यांतल्या दोघींना घरून एकाच मुक्कामाची परवानगी होती आणि तो मुक्काम आदल्या रात्रीच झालेला. मी फोनवर वडिलांना विनवले. ते वाईट बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, तुमच्यावर विश्वास आहे, पण दोनदा विचारू नका." त्या दोघी निघाल्या, सोबत आमच्या एका सहकारी बाई गेल्या. दोघींतली एक आमची सर्वांत चांगली चढाईपटू. सकाळी आम्ही सात जणींवर खेळलो, बदली खेळाडू एकही नाही, आणि हरलो. सामना जालन्यात असता तर ती मुलगी रात्री घरी झोपून सकाळी मैदानावर आली असती. अंतर सर्वांना सारखे असते, पण त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही.

याचा अर्थ अमरावतीला जाणेच वाईट, असा नव्हे. अमरावतीला १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह आपल्या खेळांची प्रात्यक्षिके केली होती. त्या आवारात पाऊल टाकल्यावर आमच्या मुलांच्या डोळ्यांत जी चमक येते, ती मी पाहिली आहे. शिवाय अमरावती विद्यापीठ झाले, तेच मुळी नागपूर लांब पडत होते म्हणून. मराठवाड्यात १९९४ साली नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले, २०११ साली गडचिरोलीला झाले, त्यामागेही हाच विचार होता. आपल्या फेररचना विद्यार्थ्याच्या जवळ जाण्यासाठी झाल्या आणि अमेरिकेतली कॅमेऱ्याच्या जवळ जाण्यासाठी झाली. हा फरक लहान नाही.

पण आपण कायम असेच राहू, असे समजू नका. पैसा आणि सीमा यांची गाठ आपल्याकडेही पडलेली आहे. क्रिकेटमध्ये महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना आहेत. आम्ही बुलढाण्याचे लोक विदर्भात, जालना महाराष्ट्र संघटनेत. तिथेही तीच जुनी रेघ. लोढा समितीने 'एक राज्य, एक मत' सुचवले आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले, तेव्हा तिघांत आळीपाळीने एकच मत राहणार होते. २०१८ साली न्यायालयाने त्यात बदल करून तिन्ही संघटनांना पूर्ण सदस्यत्व दिले. मधल्या काळातच विदर्भाने २०१७-१८चा रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. मग २०१८-१९चा आणि २०२४-२५चाही. छोट्या संघटनेची सीमा टिकली, म्हणून तिथल्या मुलांना दार उघडे राहिले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. सीमा नेहमी अडवतेच असे नाही, कधी ती आसराही देते.

क्रिकेट मंडळाकडे येणारा पैसा मुख्यतः प्रक्षेपणाच्या हक्कांचा आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क सुमारे ४८,३९० कोटी रुपयांना गेले. पण इथे आपल्या न्यायालयाने घालून दिलेली एक गोष्ट मला मोलाची वाटते. १९९३ साली हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून तंटा झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. मुख्य निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती पी. बी. सावंत या मराठी न्यायाधीशांनी. न्यायालय म्हणाले, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांवर ना सरकारची मक्तेदारी, ना कोणा खासगी कंपनीची. पुढे २००७ साली कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे हक्क कोणीही विकत घेतले, तरी ते प्रसारण प्रसार भारतीला द्यावे लागते. खेड्यातला माणूस पैसे न भरता भारताचा सामना पाहतो किंवा रेडिओवर ऐकतो, त्यामागे हा कायदा आहे.

महाविद्यालयीन खेळांनाही आता कॅमेरा सापडला आहे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतला खेळ घराघरांत दिसू लागला. २०२० साली भुवनेश्वरला विद्यापीठांची पहिली 'खेलो इंडिया' स्पर्धा झाली. आज तालुक्याच्या गावचा सामनासुद्धा कोणीतरी मोबाइलवर थेट दाखवतो. उद्या कोणी कागद घेऊन येईल आणि म्हणेल, तुमचे सामने आम्ही दाखवतो, इथे सही करा.

तेव्हा सही करण्यापूर्वी संस्थाचालकांनी आणि आम्हा शिक्षकांनी चार गोष्टी लिहून घ्याव्यात, असे मला वाटते. एक, सामन्याची वेळ परीक्षा आणि परतीची गाडी पाहून ठरेल, जाहिरात पाहून नाही. दोन, पैसा आला तर त्यातला ठरावीक वाटा खेळाडूंच्या प्रवासावर, आहारावर आणि विम्यावर जाईल. अमेरिकेत खेळाडूंना थेट वाटा देण्याची मुभा विद्यापीठांना मिळायला २०२५ साल उजाडले, तेही न्यायालयात जावे लागल्यावर. तीन, ज्या खेळांना प्रेक्षक नाहीत, त्यांचा आणि मुलींच्या संघांचा खर्च त्याच पैशातून भागेल. आणि चार, गावाला आपल्या मुलांचा खेळ फुकट पाहता येईल.

आणि करार येवो न येवो, एक काम आजच करता येण्याजोगे आहे. दोन विद्यापीठांनी ठरवले, तर देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि जालना इथल्या महाविद्यालयांची मैत्रीची साखळी स्पर्धा सहज होऊ शकते. अधिकृत निवड अमरावतीलाच होऊ दे. पण त्याआधी मुलींना आठ-दहा चांगले सामने मिळतील आणि दिवस मावळायच्या आत त्या घरी पोहोचतील. दसऱ्यानंतर आमच्या बालाजीच्या यात्रेला मराठवाड्यातून माणसे येतात, त्यांना कोणी विद्यापीठ विचारत नाही. मैदानावर तरी का विचारावे?

गाडीतल्या त्या मुलीला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. बाई, रेघ कोणीतरी कधीतरी आखलेली असते. कधी राजा आखतो, कधी कचेरी, कधी जाहिरातदार. पुढची रेघ आखली जाईल, तेव्हा तुझी परतीची गाडी किती वाजता सुटते, हे आधी विचारले जावे, एवढेच माझे मागणे आहे.