खडकावरचा साक्षीदार
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



ओहोटीला खडकावर कालवे काढताना आपल्यापैकी अनेकांच्या पायाखाली लहान लहान शंख आले असतील. त्यांची दखल कोण घेतो? परंतु इंग्लंडच्या खडकाळ किनाऱ्यावरील अशाच एका समुद्री गोगलगायीने साऱ्या जगाला शहाणे केले. तिची हकीकत आज सांगतो.

हिचे नाव डॉग व्हेल्क. शंख जेमतेम तीन सेंटिमीटरचा. पण प्राणी शिकारी आहे. खडकाला चिकटलेल्या शिंपल्यावर ती बसते, आम्लयुक्त स्रावाने कवच मऊ करते आणि कानशीसारख्या जिभेने खरवडून भोक पाडते. या कामाला कधी दिवस लागतात. शिंपलेही गप्प बसत नाहीत. आपल्या चिवट तंतूंनी ते कधी कधी शत्रूला खडकाशीच जखडून टाकतात!

मादी गव्हाच्या दाण्यासारख्या पिवळसर कुप्या कपारीत चिकटविते. एका कुपीत शेकडो अंडी असतात, पण बहुतेक पिलांचे अन्न होतात. सुमारे चार महिन्यांनी थोडीच पिले बाहेर येतात, तीही सरपटतच. बहुतेक शिंपल्यांची पिले पाण्याबरोबर दूर वाहत जातात, तशी ही जात नाहीत. जिथे जन्म, तिथेच आयुष्य. म्हणून एखाद्या किनाऱ्यावरून ही जात नाहीशी झाली, तर परत यायला वर्षे लागतात.

आता मुद्द्याचे. १९७० साली स्टीफन ब्लेबर या संशोधकाने प्लिमथजवळच्या माद्यांच्या अंगावर नराचा अवयव उगवलेला पाहिला व तशी नोंद केली. पुढे ब्रायन, गिब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधले. होड्यांच्या तळाला शेवाळ धरू नये म्हणून लावलेल्या रंगात ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे संयुग होते. एका लिटर पाण्यात एका ग्रॅमचा अब्जावा हिस्साही या माद्यांना घातक ठरे. त्यांचा अंडमार्ग बंद होई, कुप्या आतच अडकत आणि मादी मरे. कित्येक किनारे ओस पडले.

१९८७ साली ब्रिटनने पंचवीस मीटरपेक्षा लहान होड्यांना हा रंग लावण्यास बंदी केली. २००१ चा आंतरराष्ट्रीय करार २००८ साली अमलात आला आणि मोठ्या जहाजांनाही बंदी लागू झाली. त्यानंतर अनेक ठिकाणी ही गोगलगाय हळूहळू परतली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, त्या पहिल्या नोंदीमागे खडकावर वाकून पाहणारा एक माणूस होता. असे पाहायला पैसा लागत नाही, सबुरी लागते. आणि पालकहो, मूल खिशात शंख भरून घरी आले तर रागावू नका. ‘काय पाहिलेस?’ एवढे जरूर विचारा.