चौदा कैद्यांची तक्रार



अमुक देशाच्या तुरुंगात कैद्यांचे हाल होतात म्हणून आंतरराष्ट्रीय संस्थेकडे तक्रार गेली, अशी बातमी अधूनमधून येते. पुढं काय होतं ते बातमीत नसतं. अनेकांची समजूत अशी की तिथं मोठे न्यायाधीश दोषी अधिकाऱ्याला उभं करून शिक्षा ठोठावतात. तसं काही होत नाही. प्रत्यक्षात काय होतं, ते एका जुन्या खटल्यावरून सांगतो. मी आयुष्य सैन्यात काढलं, म्हणून मुद्दाम हा निवडला. यात आरोप एखाद्या हुकूमशहावर नव्हता, ब्रिटनसारख्या कायद्याचा अभिमान बाळगणाऱ्या सरकारवर होता.

जागा उत्तर आयर्लंड, साल १९७१. बॉम्बस्फोट आणि गोळीबार रोजचे झाले होते, सैनिकही मरत होते. ९ ऑगस्टला पहाटे सरकारनं विनाखटला स्थानबद्धता सुरू केली आणि शेकडो लोक उचलले. त्यांतल्या बारा जणांना खास चौकशीसाठी वेगळं काढलं, ऑक्टोबरमध्ये आणखी दोघांना. या चौदा जणांवर पाच पद्धती वापरल्या गेल्या. डोक्यावर काळी पिशवी. भिंतीला हाताची बोटं टेकवून, पाय फाकवून, चवड्यांवर तासन् तास उभं करणं. कानाशी सतत मोठा सूं-सूं आवाज. झोप नाही. अन्नपाणी अगदी तुटपुंजं. चार-पाच दिवस, मधे थोडा खंड देत, हे चालू होतं. या पाच पद्धती अशा, की नंतर डॉक्टरला दाखवायला अंगावर वळ सापडत नाही.

आता एक तपशील ऐका. या पद्धती कुठल्याही कागदावर लिहिलेल्या नव्हत्या. एप्रिल १९७१ मध्ये ब्रिटिश गुप्तवार्ता केंद्राच्या लोकांनी तिथल्या पोलिसांना त्या एका वर्गात तोंडी शिकवल्या. सैन्यात राहिलेल्या माणसाला याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. ज्या हुकुमाची जबाबदारी घ्यायची तयारी असते, तो लेखी येतो.

१६ डिसेंबर १९७१ ला आयर्लंड सरकारनं स्ट्रासबर्गला, युरोपीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार नेली. तक्रारदार कैदी नव्हते, दुसरं राज्य होतं, हे लक्षात घ्या. मराठी माणसाला इथं सावरकरांचं मार्सेल्स आठवेल. जुलै १९१० मध्ये त्यांनी बोटीतून उडी मारली, फ्रेंच किनाऱ्यावर ते पुन्हा पकडले गेले आणि तो वाद हेगच्या लवादापुढं गेला. तिथंही पक्षकार दोनच, फ्रान्स आणि ब्रिटन. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला. ज्या माणसाबद्दल वाद होता, त्याला तिथं स्थान नव्हतं. साठ वर्षांनी स्ट्रासबर्गला कैदी निदान साक्षीदार म्हणून तरी उभा राहिला.

अशा तक्रारीत पहिली अडचण दारातच असते. नियम असा, की आधी आपल्या देशातले सगळे न्यायमार्ग वापरा, मग बाहेर या. नियम रास्त आहे, नाही तर सगळं जग स्ट्रासबर्गला रांग लावेल. पण आयर्लंडचं म्हणणं असं, की हा एखाद्या शिपायाचा अतिरेक नाही, ही वहिवाट आहे. एकसारखी कृत्यं पुन्हा पुन्हा घडतात, वरच्यांना ती ठाऊक असतात आणि ते चालू देतात, असा आरोप असेल तर आधी स्थानिक कोर्टाची पायरी चढण्याची अट लागू होत नाही. ऑक्टोबर १९७२ मध्ये आयोगानं या मुद्द्यावर तक्रार दाखल करून घेतली.

मग पुरावा. शंभराहून अधिक साक्षीदार तपासले. साक्षीदारांच्या जिवाला धोका, म्हणून काही सुनावण्या नॉर्वेमधल्या सोला इथल्या हवाई तळावर घेतल्या! निकालपत्रात कैद्यांची नावं नाहीत, टी-६, टी-१३ अशा खुणा आहेत. मोजपट्टी फौजदारी खटल्याइतकीच कडक, म्हणजे रास्त शंकेला जागा उरता कामा नये. मात्र एकमेकांशी जुळणाऱ्या भक्कम गोष्टींवरून अनुमान काढायला मुभा होती. ज्या खोलीत फक्त कैदी आणि चौकशी करणारे असतात, तिथं याहून वेगळा मार्ग कुठला?

तोवर ब्रिटनमध्येही हालचाल झाली होती. सरकारनं नेमलेल्या पार्कर समितीच्या तिघांपैकी दोघांनी या पद्धती काही अटींवर चालतील असं म्हटलं. तिसरे, लॉर्ड गार्डिनर, यांनी त्या बेकायदा ठरवल्या. मार्च १९७२ मध्ये पंतप्रधान हीथ यांनी त्या बंद केल्याचं जाहीर केलं. कैद्यांना दहा ते पंचवीस हजार पौंड भरपाई मिळाली. स्ट्रासबर्गला ब्रिटननं चूक नाकारलीही नाही. मग खटला चालवायचा कशाला, असा त्यांचा सवाल होता. न्यायालय म्हणालं, आमचं काम या दोघांपुरतं नाही, नियम स्पष्ट करणं हेही आहे.

आणि नेमकं तिथंच घोटाळा झाला. १९७६ मध्ये आयोगानं एकमतानं म्हटलं होतं, हा छळ आहे. १८ जानेवारी १९७८ ला न्यायालयानं सोळा विरुद्ध एक मतानं वागणूक अमानुष आणि मानहानीची ठरवली, पण ‘छळ’ हा शब्द तेरा विरुद्ध चार मतांनी नाकारला. यातना तेवढ्या तीव्र नव्हत्या म्हणे. कोणावर खटला भरा असा आदेश द्यायला तर न्यायालयानं नकारच दिला, तो आपला अधिकार नाही म्हणून.

शब्दाचा फरक किरकोळ वाटेल. २००२ मध्ये अमेरिकी सरकारच्या वकिलांनी चौकशीच्या कठोर पद्धती कायद्यात बसवणारं टिपण लिहिलं, तेव्हा याच निकालाचा आधार घेतला. २०१४ मध्ये जुनी सरकारी कागदपत्रं बाहेर आली आणि आयर्लंडनं फेरविचार मागितला. मार्च २०१८ मध्ये सहा विरुद्ध एक मतानं तो फेटाळला गेला, कारण नव्या कागदांनी निकाल नक्की बदलला असता असं न्यायालयाला वाटलं नाही. २०२१ मध्ये ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, आजच्या मापानं हा बहुधा छळच ठरला असता. चौदातले काही जण तोवर वारले होते.

हे आपल्याकडं कुठं लागू होतं? भारतानं छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, त्याला मान्यता अजून दिलेली नाही. नागरी आणि राजकीय हक्कांचा करार १९७९ पासून मान्य आहे, पण व्यक्तीला थेट तक्रार करू देणारा त्याचा जोडकरार आपण स्वीकारलेला नाही. म्हणजे आपला कैदी या समित्यांकडे जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी आपली न्यायालयं आहेत, डी. के. बसू खटल्यातले अटकेचे नियम आहेत आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आहे. सैन्याविरुद्ध तक्रार असेल तर १९९३ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार आयोग केंद्राकडून अहवाल मागवून शिफारस करू शकतो, स्वतः तपास करू शकत नाही.

मान्यतेचा विषय निघाला की ‘बाहेरच्यांनी आमच्या कोठड्यांत कशाला डोकवायचं?’ असा आक्षेप येतो. मला तो पटत नाही. १९७१ च्या युद्धानंतर सुमारे ९३ हजार पाकिस्तानी आपल्या ताब्यात होते. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी त्या छावण्यांत येत होते, कैद्यांना भेटत होते. रेडक्रॉसची रीत वेगळी, ते जे पाहतात ते जाहीर करत नाहीत, सरकारलाच कळवतात. पण बाहेरचे डोळे आत आले आणि त्यानं आपलं काही बिघडलं नाही. शत्रूच्या सैनिकाला जे दिलं, ते आपल्याच ठाण्यातल्या कैद्याला का देऊ नये, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.