हिरवं पाणी, निवळ पाणी



गेल्या उन्हाळ्यात माझी नणंद कोल्हापूरला आली होती. संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो, भेळ खाल्ली. पाण्याकडं बघून ती म्हणाली, "वहिनी, केवढं हिरवं पाणी! तळं जिवंत आहे म्हणायचं." दुसऱ्या दिवशी कळंब्याला गेलो. तिथलं निवळ पाणी बघून म्हणाली, "इथं काही उगवत नाही वाटतं."

मला हसू आलं, पण तिचं अर्धं बरोबर होतं. पाण्यात जितकं शेवाळ उगवेल तितकं ते तळं जास्त उत्पादक. शेवाळावर बारीक किडे जगतात, किड्यांवर मासे. म्हणून तर मत्स्यशेती करणारे तळ्यात मुद्दाम शेण टाकतात. कटला, रोहू त्यावरच पोसतात. पण खाणं अति झालं की तळ्यालाही अजीर्ण होतं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच वापरतं. मेलेलं शेवाळ तळाशी कुजतं, त्यालाही प्राणवायू लागतो. त्यामुळं पहाटे तो सगळ्यात कमी असतो. तेव्हा मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसले, तर समजावं.

एकाच शहरातली दोन तळी, ऊन-पाऊस तोच. मग फरक कशानं? कळंब्याला पाणी येतं कात्यायनीच्या डोंगराकडून. रंकाळा वस्तीला लागून. वर्षानुवर्षं त्यात नाल्यांचं सांडपाणी आलं, काठावर कपडे आणि जनावरं धुतली गेली. जलपर्णी माजली, शेवाळ माजलं. आता कळंब्याभोवतीही घरं वाढताहेत, म्हणून तिकडंही लक्ष हवं.

सांडपाण्यात, शेणामुतात, खतात, काही साबणपुड्यांत असतं स्फुरद. शेतीतल्या बायकांना हा शब्द नवा नाही. १९७३ साली कॅनडात शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडं नत्र आणि कार्बन टाकला, एकीकडं जोडीला स्फुरदही. स्फुरदाची बाजू हिरवी झाली, दुसरी निवळच राहिली.

आपल्याला घरच्या घरी तळं तपासता येतं. अँजेलो सेक्की नावाच्या इटलीतल्या धर्मगुरूंनी १८६५ साली समुद्रात पांढरी थाळी सोडून पाण्याचा निवळपणा मोजला होता. तेच करायचं. वीतभर रुंदीची थाळी पांढरी रंगवा, खाली वजन बांधा, दोरीला हातहाताच्या अंतरावर गाठी मारा. दुपारच्या सुमारास होडीतून किंवा धक्क्यावरून, सावलीच्या बाजूला सोडा. थाळी कुठं दिसेनाशी होते आणि वर ओढताना कुठं पुन्हा दिसते, त्याच्या मधलं अंतर धरा. दोन मीटरच्या आतच नाहीशी झाली, तर तळ्याला खाणं जास्त होतंय असं मानतात. पावसाळ्यात मात्र नको, गढूळपणा मातीचाही असतो. आणि दोन तळी ताडून बघायची तर एकाच आठवड्यात बघा.

आता महत्त्वाचं. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली, तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. त्याच्या काही जाती विषारी असतात. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, हे विष जात नाही. उलट शेवाळाच्या पेशी फुटून ते पाण्यात आणखी उतरतं. फडक्यानं गाळूनही उपयोग नाही. असं पाणी पिऊन जनावरं दगावतात.

नणंदेनं गावी जाऊन थाळी सोडली. फोन आला, "वहिनी, तीन गाठींतच गेली हो. आणि काठाला साय आहे."

"गुरं कुठं पाजतेस?"

"तिथंच की."

आता ती गुरं विहिरीवर नेते. कपडे धुवायचा दगड अजून तळ्याकाठीच आहे. तो हलवायचा कुठं, यावर गावातल्या बायकांचं बोलणं चाललंय.