सर्व्हर दूर गेला, जबाबदारी इथेच



या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. सभागृहात डॉक्टर आहेत, रेकॉर्ड रूम सांभाळणारे आहेत, सॉफ्टवेअर लिहिणारे आहेत. यंदा तालुक्याच्या गावांत वीस-तीस खाटांची रुग्णालये चालवणारेही बरेच आले आहेत. आज मी मुख्यतः त्यांच्याशी बोलणार आहे, कारण क्लाउडचा निर्णय त्यांच्या दाराशी आला आहे आणि त्यांना सल्ला देणारा बहुतेक वेळा विकणाराच असतो.

माझे मत आधी सांगतो. लहान रुग्णालयांनी क्लाउडवर जावे. जिन्याखालच्या खोलीतला सर्व्हर, त्याच टेबलावरची बॅकअपची हार्ड डिस्क आणि एरवी बिलिंग पाहणारा एक मुलगा, एवढ्या बळावर रुग्णांच्या नोंदी सुरक्षित राहत नाहीत. मोठ्यांनाही ते सोपे गेलेले नाही. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हर त्याच्या तडाख्यात सापडले, सुमारे 1.3 टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि नोंदणीपासून तपासण्यांच्या रिपोर्टपर्यंत सगळे कित्येक दिवस कागदावर चालले. नेटवर्कचे विभाजन नीट नव्हते, असे सरकारने संसदेत सांगितले. ई-हॉस्पिटल या तिथल्या संगणक-प्रणालीचा डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून. या प्रकरणातला हा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो.

क्लाउडची ताकद आपण पाहिली आहे. 17 सप्टेंबर 2021 या एका दिवसात देशात कोविड लसीचे अडीच कोटींहून अधिक डोस दिले गेले आणि त्यांच्या नोंदी क्लाउडवरच्या कोविन या लसीकरण-प्रणालीने पेलल्या. अशा एका दिवसासाठी कोणते रुग्णालय स्वतःची यंत्रे विकत घेऊन ठेवील? पण क्लाउड म्हणजेही शेवटी कुठल्या तरी इमारतीतली यंत्रेच. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे एका मोठ्या कंपनीचे डेटा सेंटर जळाले, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यातल्या काहींचा डेटा कायमचा गेला. म्हणून बॅकअप दुसऱ्या शहरात आहे का, हे विचाराच. आणि तो उघडून, नोंदी परत बसवून पाहा. न तपासलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

आता कराराकडे येतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने एक गोष्ट स्पष्ट केली आहे. डेटा सांभाळायचे काम तुम्ही दुसऱ्याला दिले, तरी कायद्यापुढे उत्तर तुम्हीच द्यायचे. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही, तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. तेव्हा सही करण्यापूर्वी लिहून घ्या : नोंदी कोण पाहू शकतो, कुणी पाहिल्या याची खूण किती काळ राहते, आणि उद्या कंपनी बदलायची ठरली तर सगळ्या नोंदी कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळतील. हे शेवटचे कलम बहुतेक करारांत मला दिसत नाही. पीडीएफचा गठ्ठा मिळून भागत नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशनने स्वीकारलेल्या एफएचआयआर या आरोग्य-नोंदींच्या देवाणघेवाणीच्या मानकात नोंदी मिळाल्या पाहिजेत. त्या मिशनची रचनाच अशी आहे, की नोंद जिथे तयार झाली तिथे राहते आणि रुग्णाने संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरला दिसते. तुमच्याच नोंदी तुमच्या हातात नसतील, तर रुग्णाच्या संमतीला काय अर्थ उरतो?

आणि नेट नसताना काय? हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा वेळी विजेचा आणि रेंजचा भरवसा कुणी देऊ शकत नाही. अशा रात्री बाळंतपणाला आलेल्या बाईचा रक्तगट आणि हिमोग्लोबिन सिस्टरला टॅबवर तिथल्या तिथे दिसलेच पाहिजे. नवी नोंद टॅबवरच साठावी आणि रेंज आल्यावर वर जावी. हे करणे अवघड आहे, हे मी जाणतो. एकाच रुग्णाची नोंद दोन ठिकाणी बदलली, तर कोणती खरी मानायची? पत्त्याच्या बाबतीत नंतरची चालेल. औषधाच्या ॲलर्जीच्या बाबतीत मुळीच नाही : तिथे दोन्ही नोंदी ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. हे नियम वॉर्डात काम केलेल्या माणसांनी ठरवायचे आहेत, प्रोग्रॅमरवर सोडायचे नाहीत. टॅब चोरीला गेला तर आतल्या नोंदी उघडता येऊ नयेत, हेही त्यातच आले.

माझा एक प्रस्ताव आहे. लहान रुग्णालयांसाठी क्लाउड कराराचा नमुना मसुदा आपल्या संघटनेने सोप्या मराठीत तयार करावा आणि तो कुणालाही विनामूल्य द्यावा. त्यासाठी एक वकील, एक रेकॉर्ड अधिकारी, एक सिस्टर आणि दोन तंत्रज्ञ हवेत. उद्याच्या खुल्या सत्रात नावे द्या. समितीची पहिली बैठक त्यानंतर लगेच, याच सभागृहात घेऊ.