आग्फा क्लिक-३: एका रोलमध्ये १२ फोटो

बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-३ हा साधा कॅमेरा एकेकाळी अनेक मराठी घरांत असे, आणि त्याला लागणारी १२० फिल्म, म्हणजे कागदासह रिळावर गुंडाळलेली रुंद पट्टी, आजही मिळत असल्याने तो कपाटातून बाहेर काढण्याजोगा आहे. रोलवर १२ चौकोनी फोटो येतात. प्रत्येकानंतर मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत फिल्म हाताने फिरवावी लागते. शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारी झडप, सेकंदाचा सुमारे ३०वा भाग उघडी राहत असल्याने जालन्याच्या मोती तलावाकाठी लख्ख उन्हातही हात स्थिर हवा. तिथला जादा प्रकाश निगेटिव्ह फिल्म बऱ्यापैकी पचवते. सायंकाळच्या अंधुक उजेडात मात्र या कॅमेऱ्याचा निभाव लागत नाही.