आपली पाटी, आपले नाव : लहान धंद्याचे संकेतस्थळ कसे असावे?

(पिंगळी येथे संस्थेच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लहान उद्योग करणाऱ्यांनी संकेतस्थळ कसे उभारावे या विषयावर दोन शब्द बोलावेत, असे संस्थेने आम्हांस सुचविले. आम्ही काही संगणकाचे पंडित नाही. परंतु या कामात आम्ही दोनदा चुकलो आहोत, आणि त्या चुकांची किंमत आमच्यापेक्षा आमच्या भगिनींनीच अधिक मोजली आहे. म्हणून पंडित म्हणून नव्हे, तर ठेच लागलेला माणूस मागच्याला सावध करतो त्या नात्याने आम्ही आज बोलणार आहोत.

पिंगळी हे परभणी आणि पूर्णा यांच्या मधले गाव. येथे दुकान टाकले तर येणाऱ्या-जाणाऱ्याला पाटी दिसते. पण जो गावात येतच नाही, जो पुण्याला, मुंबईला किंवा हैदराबादला राहतो, त्याला आपली पाटी दिसावी कशी? संकेतस्थळ म्हणजे दुसरे काही नाही. ती लांबून दिसणारी पाटी आहे. मात्र पाटी लावली म्हणजे गिऱ्हाईक आले असे होत नाही. पाटीवर काय लिहिले आहे आणि ती पाटी कोणाच्या मालकीची आहे, या दोन गोष्टींवर सर्व काही अवलंबून असते. आमच्या पहिल्या चुकीचा संबंध पाटीवरील मजकुराशी होता, तर दुसरीचा तिच्या मालकीशी.

प्रथम पहिली चूक सांगतो. आमच्या परिचयातील एक महिला गट हळद, मसाला, पापड, कुरडया तयार करतो. वसमतच्या बाजारातून हळकुंड आणावयाचे, निवडावयाचे, दळावयाचे आणि पाव किलो, अर्धा किलोच्या पुड्या भरावयाच्या, असे त्यांचे काम. माल चोख. आम्ही तीन-चार कार्यकर्त्यांनी मोठ्या उत्साहाने त्यांचे संकेतस्थळ तयार करविले. पहिल्याच पानावर उद्घाटनाचा मोठा फोटो, हार घातलेले पाहुणे, 'सहर्ष स्वागत' अशी फिरती अक्षरे आणि खाली गटाची ध्येये व उद्दिष्टे. आम्हांला ते फार शोभिवंत वाटले. परंतु कित्येक महिने एकही मागणी आली नाही.

एके दिवशी गटातील एका मावशींच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. ती म्हणाली, "माय, पान तर लई झकास दिसतंय. पण हळद किलोला काय भावानं, अन् हडपसरला येती का नाही, ते कुठंबी लिहिलेलं नाही." त्या एका वाक्याने आमचे डोळे उघडले. आम्ही आमचा सत्कार मांडून ठेवला होता. गिऱ्हाइकाला मात्र हळद हवी होती!

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. पान तयार करण्यापूर्वी गिऱ्हाइकाचे प्रश्न कागदावर लिहून काढावयाचे. ते बहुधा पाचच असतात. तुमच्याकडे काय मिळते? त्याचा भाव काय? ते कोणी आणि कसे केले? माझ्यापर्यंत ते कसे व किती दिवसांत पोहोचेल? आणि अडचण आली तर फोन कोणाला करावयाचा? या पाच प्रश्नांची उत्तरे पहिल्या पानावर, बोट फार न सरकवता मिळाली, तर ते संकेतस्थळ प्रभावी म्हणावे. बाकी सर्व सजावट होय.

भाव लिहिण्यास आपले लोक कचरतात. 'फोन करा, सांगू' असे लिहितात. परंतु परगावचा माणूस भाव विचारण्यासाठी अनोळखी ठिकाणी फोन करीत नाही, तो पुढच्या दुकानात जातो. भाव बदलत असेल तर भावाखाली तारीख लिहावी. कुरियरचा अथवा पोस्टाचा खर्च वेगळा असेल तर तोही स्पष्ट लिहावा. शेवटी अचानक वाढलेला आकडा पाहून गिऱ्हाईक पाठ फिरविते.

आता भाषेविषयी. आपले संकेतस्थळ मराठीत असावे की इंग्रजीत, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. १९९० च्या दशकात हा प्रश्न खरोखर अवघड होता. ज्या फाँटात मजकूर लिहिला तो फाँट समोरच्याच्या यंत्रात नसेल, तर अक्षरांच्या जागी नुसती चिन्हे दिसत. युनिकोड या जागतिक पद्धतीत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्थान होते, पण ती घरोघरी रुळण्यास बरीच वर्षे लागली. आज ती अडचण उरलेली नाही. इतकेच काय, २०१४ च्या ऑगस्टपासून संकेतस्थळाचे नावसुद्धा देवनागरीत, शेवटी 'डॉट भारत' लावून घेता येते. तेव्हा मराठीत अवश्य लिहावे. जोडीला वस्तूचे नाव, गाव व फोन एवढे तरी इंग्रजीतही द्यावे, कारण शोधणारा कोणत्या लिपीत शोधील हे आपल्या हाती नसते.

येथे एक धोक्याची सूचना आहे. पुष्कळ दुकानदार छापील पत्रकाचा फोटो काढून तोच संकेतस्थळावर चढवितात. माणसाला तो वाचता येतो, पण शोधयंत्राला फोटोतील अक्षरे नीट कळतीलच याची खात्री नसते, आणि गिऱ्हाइकाला त्यातील फोन नंबरवर बोट ठेवून फोन लावता येत नाही. म्हणून माहिती अक्षरांत टंकित करावी आणि फोटो मालाचे लावावेत. तेही हलके करून लावावेत. आपले बहुतेक गिऱ्हाईक मोबाइलवर पाहणार, आणि खेड्यात किंवा रेल्वेच्या डब्यात रेंज कशी असते हे आपण सर्व जाणतो. जड फोटोंचे पान उघडेपर्यंत पाहणाऱ्याचा धीर सुटतो. पान तयार झाले की स्वतःच्या भारी फोनवर न पाहता घरातील सर्वांत साध्या फोनवर उघडून पाहावे. तीच खरी परीक्षा.

एवढे सर्व सुधारले आणि मागण्या येऊ लागल्या. फार नव्हेत, मोजक्याच, पण नेमाने. मग आमच्या उत्साहाला भरते आले. आम्ही संकेतस्थळाचे नाव नव्या पुड्यांवर छापून घेतले. आणि येथेच आमची दुसरी चूक उघडी पडली.

संकेतस्थळाच्या नावाला डोमेन म्हणतात. ते विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी नोंदवावे लागते आणि मुदत संपण्यापूर्वी पैसे भरून पुन्हा चालू ठेवावे लागते. खर्च फार नसतो. साध्या नावाला वर्षाकाठी हजार रुपयांच्या आसपास. आम्ही हे काम एका ओळखीच्या माणसाकडे सोपविले होते. त्याने नाव नोंदविले ते स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या ई-मेलवर. आम्ही कधी विचारले नाही. पुढे त्याने तो व्यवसाय सोडला, फोन बदलला. मुदत संपल्याची सूचना त्याला गेली असेल, आम्हांस नाही. मुदत उलटून काही आठवडे गेले की असे नाव कोणालाही घेता येते. एके सकाळी पाहतो तो आमच्या भगिनींच्या हळदीच्या नावावर कोणा परक्याच्या जाहिराती उघडत होत्या!

छापलेल्या पुड्या वाया गेल्या. पुड्यांचे पैसे गटाच्या बचतीतून गेले होते. रात्री चुलीसमोर बसून पापड लाटणाऱ्या बायांचे ते पैसे. त्या बैठकीत कोणी आम्हांस रागाने बोलले नाही. एका वयस्कर ताईंनी एवढेच विचारले, "दादा, आमच्या मालाचं नाव दुसऱ्याच्या नावावर कसं लागलं?" त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. सातबारा पाहिल्याशिवाय आम्ही वीतभर जमीन घेणार नाही, आणि येथे मात्र नाव कोणाच्या खात्यावर आहे हे पाहिलेसुद्धा नव्हते.

बंधू-भगिनींनो, आज आम्हांस मुख्यतः हेच सांगावयाचे आहे. संकेतस्थळ कोणाकडूनही तयार करून घ्या, पण त्याचे नाव, खाते आणि पासवर्ड धंदा करणाऱ्याच्याच हातात असू द्या. नाव गटाच्या ई-मेलवर नोंदवा. पावती फाइलला लावा. मुदतीची तारीख गटाच्या ठराव-वहीत लिहून ठेवा. पासवर्ड एका व्यक्तीच्या डोक्यात न राहता दोन जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावा.

कोणी म्हणेल, हा सारा उपद्व्याप कशाला? फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब फुकट आहेत. त्यांचा उपयोग अवश्य करावा. पण तो जत्रेतला स्टॉल आहे, घर नव्हे. जत्रा उठली की स्टॉल उठतो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा ज्यांचे सारे गिऱ्हाईक तेथेच होते त्यांचे दुकान एका रात्रीत बंद झाले. गुगलने व्यवसायांच्या नोंदीबरोबर दिलेली विनामूल्य संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली. यात कोणाची फसवणूक झाली असे आमचे म्हणणे नाही. जागा त्यांची होती, एवढेच. म्हणून जत्रेत स्टॉल लावावा आणि प्रत्येक पत्रकावर आपल्या घराचा पत्ता द्यावा. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद मात्र विनामूल्य करता येते, ती जरूर करावी. त्यात वेळ, फोन आणि सुट्टीचा वार अचूक भरावा.

नावाचे महत्त्व किती, याचे एक मोठे उदाहरण पाहा. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांतील कारागिरांचे हे कसब. असे असताना जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या बड्या कंपनीने तशाच चपला आपल्या प्रदर्शनात मांडल्या, आणि कोल्हापूरचे नाव तेथे नव्हते. महाराष्ट्रातून आक्षेप गेल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. पिढ्यान् पिढ्या चामडे कमावून चप्पल शिवणाऱ्या हातांचे नाव लावावयाचे राहून जाते, आणि ती वस्तू जगभर फिरते. संकेतस्थळ हा यावरचा संपूर्ण उपाय नाही. पण 'हे आम्ही केले, येथे केले, असे केले' हे जगाला सांगण्याची जागा ती आहे. म्हणून पाच प्रश्नांपैकी 'कोणी केले' या प्रश्नाला संकोच न करता उत्तर द्या. गावाचे नाव लिहा. कामाचे फोटो लावा. फोटोतील प्रत्येकीची संमती मात्र आधी घ्या.

आणि जे सांगाल ते खरे सांगा. १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ते चिन्ह वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. नोंद नसता ते चिन्ह पानावर लावणे योग्य नव्हे. 'सेंद्रिय' हा शब्द प्रमाणपत्र असेल तरच लिहावा. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक पुडीवर तसाच पानावरही द्यावा. परराज्यात माल पाठवावयाचा असेल तर जीएसटीच्या नोंदणीविषयी आधी जाणकाराला विचारावे. तक्रारीसाठी नाव, पत्ता आणि फोन असलाच पाहिजे. माल खराब निघाला तर काय करणार, हेही दोन ओळींत लिहावे. गिऱ्हाइकाचे पत्ते व फोन आपल्या वहीत विश्वासाने आलेले असतात, ते दुसऱ्या कोणास देऊ नयेत.

आणखी एक गोष्ट भगिनींनी लक्षात ठेवावी. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. 'ऑर्डर देतो, पैसे पाठवतो, पिन टाका' असे कोणी म्हणाला तर तो गिऱ्हाईक नव्हे, चोर समजावा.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्यासाठी. ज्या जाळ्यावर ही सारी संकेतस्थळे चालतात त्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. पान लिहिण्याची विद्या कोणाच्या तिजोरीत बंद नाही. ती शिकण्यास कोणाची परवानगी लागत नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाने सुट्टीत एका दुकानाचे, एका गिरणीचे, एका शिवणकाम करणाऱ्या ताईचे एक पान तयार करावे. एकच पान, पाच उत्तरे. आणि काम पूर्ण झाले की पासवर्ड लिहिलेला कागद मालकाच्या हाती देऊन, त्याच्याकडून एकदा पान उघडवून, भाव बदलवून घ्यावा. त्याला ते जमले म्हणजे तुमचे काम संपले. नाही जमले तर ते पान अजून तुमचेच आहे, त्याचे झालेले नाही, असे समजा.

आमच्या गटाने आता नवे नाव घेतले आहे. ते गटाच्या खात्यावर आहे. दर आठवड्याला एक ताई तासभर बसून भाव तपासते आणि आलेले फोन वहीत टिपते. मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आहे. ज्या ताईंनी आम्हांस तो प्रश्न विचारला होता त्यांनीच ती लिहिली.

आमच्या चुका तुमच्या उपयोगी पडाव्यात एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.

जयभीम!